सॉफ्टवेअर कंटेनर : कमांड लाइनवरील मूलभूत कार्ये आणि ग्रामीण महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा
(विशेष संदर्भ : शहापूर व मुरबाड तालुके, जिल्हा ठाणे)

गोषवारा

एकच आज्ञावली प्रयोगशाळेतील एका संगणकावर चालते आणि शेजारच्या संगणकावर चालत नाही, हा अनुभव संगणकाधारित प्रात्यक्षिके घेणाऱ्या प्रत्येक अध्यापकाच्या परिचयाचा आहे. सॉफ्टवेअर कंटेनर हे तंत्र या अडचणीवर उपाय म्हणून जगभर स्वीकारले गेले आहे. प्रस्तुत लेखात कंटेनरची संकल्पना, तिची थोडक्यात पूर्वपीठिका आणि कमांड लाइनवरून करावयाची मूलभूत कार्ये यांचे विवेचन केले आहे. इंटरनेटची जोडणी मंद अथवा खंडित असलेल्या ग्रामीण महाविद्यालयात, एकदाच उतरविलेली इमेज फाइलरूपाने सर्व संगणकांवर कशी नेता येते, यावर विशेष भर दिला आहे. मराठी छापील मजकुराचे संगणकीय वाचन आणि संख्याशास्त्रीय विश्लेषण ही दोन उपयोजने उदाहरणादाखल घेतली आहेत.

बीजसंज्ञा : कंटेनर, डॉकर, इमेज, कमांड लाइन, लिनक्स, संगणक प्रयोगशाळा, ग्रामीण महाविद्यालय

१. प्रस्तावना

उच्च शिक्षणाच्या बहुतेक सर्व विद्याशाखांत आज संगणकाचा वापर अपरिहार्य झाला आहे. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांख्यिकी सॉफ्टवेअर लागते, विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आज्ञावली-लेखनाची भाषा लागते आणि भाषेच्या अभ्यासकाला जुने मुद्रित साहित्य संगणकावर आणण्याची साधने लागतात. ही साधने बहुतांशी विनामूल्य व मुक्त स्वरूपात उपलब्ध आहेत. प्रश्न ती मिळविण्याचा नसून ती प्रत्येक संगणकावर सारख्याच रीतीने चालती ठेवण्याचा आहे.

ठाणे जिल्हा म्हटले की ठाणे, कल्याण, नवी मुंबई ही शहरे डोळ्यांपुढे येतात. तथापि २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्यात शहापूर व मुरबाड हे प्रामुख्याने ग्रामीण, डोंगराळ आणि लक्षणीय आदिवासी लोकसंख्या असलेले तालुके आहेत. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वेचा कसाऱ्याकडे जाणारा मार्ग जातो. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. आसनगाव स्थानकावर उतरून वा कल्याणहून एस.टी.ने महाविद्यालयात येणारा विद्यार्थी, आणि डोळखांब, किन्हवली, टोकावडे या परिसरातील पाड्यांवरून येणारा विद्यार्थी, एकाच प्रयोगशाळेत बसतो. यांपैकी ज्याच्या घरी संगणक नाही त्याच्यासाठी प्रयोगशाळेतील तास हाच संगणकाशी येणारा एकमेव संबंध असतो. शहरातील विद्यार्थी बिघडलेले प्रात्यक्षिक रात्री घरी पुन्हा करू शकतो; येथील विद्यार्थ्याचा तास सॉफ्टवेअर बसविण्यात गेला तर तो परत मिळत नाही. म्हणून सॉफ्टवेअरची मांडणी किती वेळात व किती खात्रीने होते, हा ग्रामीण महाविद्यालयात तांत्रिक सोयीपुरता प्रश्न राहत नाही. तो अध्यापनाचाच प्रश्न ठरतो.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) कंटेनर या संकल्पनेचा संगणकशास्त्राबाहेरील अध्यापकांनाही समजेल असा परिचय करून देणे.
(२) कंटेनर वापरण्यासाठी आवश्यक असलेल्या मूलभूत आज्ञा व त्यांचे कार्य स्पष्ट करणे.
(३) मर्यादित इंटरनेट जोडणी असलेल्या प्रयोगशाळेसाठी उपयुक्त कार्यपद्धती सुचविणे.

लेख वर्णनात्मक स्वरूपाचा आहे. मोठ्या संगणकसमूहांवर हजारो कंटेनर चालविण्याच्या पद्धतींचा विचार येथे केलेला नाही.

३. कंटेनर : संकल्पना व पूर्वपीठिका

मुंबई–नाशिक महामार्गावर शहापूरजवळ उभे राहिल्यास न्हावा-शेवा बंदरातून आलेले कंटेनर वाहून नेणारे ट्रेलर सतत दिसतात. आत कापड आहे, यंत्रे आहेत की औषधे, याच्याशी ट्रेलरच्या चालकाला कर्तव्य नसते. पेटीचा आकार ठरलेला असल्यामुळे तीच पेटी जहाजावर, रेल्वेवर आणि ट्रेलरवर चढते. या वाहतुकीचा आरंभ एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' या जहाजाने अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनपर्यंत ५८ पेट्या नेल्या तेव्हा झाला असे मानले जाते. सॉफ्टवेअर कंटेनरला हे नाव याच साम्यामुळे मिळाले. एखादी आज्ञावली आणि ती चालण्यासाठी लागणारी सर्व सहायक सामग्री एका ठरावीक स्वरूपाच्या पेटीत बंद केली, की ती पेटी कोणत्याही सुयोग्य संगणकावर त्याच रीतीने उघडते.

कंटेनर आणि आभासी संगणक म्हणजेच व्हर्च्युअल मशीन यांत फरक आहे. आभासी संगणकात प्रत्येक वेळी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने चालवावी लागते. त्याला स्वतंत्र पाया, स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र जिना असलेल्या बंगल्याची उपमा देता येईल. कंटेनर म्हणजे चाळीतील खोली होय. प्रत्येक खोलीला स्वतःचे दार व कुलूप असते; पाया, जिना आणि पाण्याची टाकी मात्र सर्वांची एकच असते. संगणकाच्या बाबतीत हा सामायिक पाया म्हणजे लिनक्सचा कर्नल, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. पाया सामायिक असल्यामुळे कंटेनर काही क्षणांत सुरू होतो आणि त्याला स्मृतीही कमी लागते. त्याच कारणाने पायालाच तडा गेला तर सर्व खोल्यांना धोका पोहोचतो, ही मर्यादाही लक्षात ठेवावी लागते.

या तंत्राची बीजे जुनी आहेत. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एखाद्या आज्ञावलीला फाइलींचा मर्यादित भागच दाखविण्याची सोय करण्यात आली. २००० मध्ये फ्रीबीएसडी या प्रणालीत 'जेल' ही अधिक व्यापक सोय आली. लिनक्समध्ये २००२ पासून 'नेमस्पेस' टप्प्याटप्प्याने समाविष्ट होत गेल्या. चाळीच्या उपमेत या खोल्यांच्या भिंती होत. कोणत्या खोलीने किती पाणी वापरावे हे ठरविणारे मीटर म्हणजे 'सीग्रूप'. त्याचे काम गूगलमधील पॉल मेनेज व रोहित सेठ या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केले आणि ते २००८ च्या आरंभी लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी 'डॉकर' हे साधन जाहीररीत्या सादर केले. आधीचे घटक क्लिष्ट होते. डॉकरने ते मोजक्या, सोप्या आज्ञांच्या आटोक्यात आणले. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या 'ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह' या उपक्रमाने पेटीचा आराखडा खुला व प्रमाणित केला. त्यामुळे आज डॉकरने बनविलेली इमेज 'पॉडमन' या दुसऱ्या मुक्त साधनानेही चालविता येते आणि दोहोंच्या मूलभूत आज्ञा जवळजवळ सारख्याच आहेत.

४. पूर्वतयारी व आज्ञालेखनाचा संकेत

कंटेनर चालविण्यासाठी ६४ बिट प्रक्रियक असलेला संगणक आवश्यक आहे. जुन्या संगणकांवर डेबियन वा उबुंटू यांसारखी लिनक्स प्रणाली बसवून त्यावर डॉकर इंजिन वापरणे सर्वांत कमी खर्चाचे ठरते. हे इंजिन मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. विंडोजवर 'डॉकर डेस्कटॉप' वापरता येते, मात्र त्यासाठी स्मृती अधिक लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्या परवान्यात बदल होऊन मोठ्या व्यावसायिक संस्थांना शुल्क लागू झाले. शैक्षणिक वापर विनामूल्य ठेवण्यात आला. लिनक्सच्या कमांड लाइनचा अजिबात परिचय नसलेल्यांना मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील मराठी पाठ उपयुक्त आहेत.

प्रस्तुत लेखात आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष संगणकावर त्या रोमन लिपीत व रोमन अंकांत, अन्यथा सांगितले नसल्यास लहान अक्षरांत टंकित कराव्यात. जेथे 'पीएस', 'आरएम', '-व्ही' असे लिहिले आहे तेथे त्या त्या रोमन अक्षरांचाच निर्देश आहे. आज्ञेतील प्रत्येक शब्दानंतर एक रिकामी जागा सोडावी.

५. मूलभूत कार्ये

५.१ इमेज मिळविणे

'इमेज' आणि 'कंटेनर' या दोन संज्ञांतील भेद प्रथम समजून घेतला पाहिजे. इमेज हा न बदलणारा साचा आहे. कंटेनर ही त्या साच्यावरून काढलेली चालती प्रत आहे. गणपतीच्या एका साच्यातून अनेक मूर्ती निघतात आणि एखादी मूर्ती भंगली तरी साचा शाबूत राहतो, तसेच हे नाते आहे. तयार इमेज 'डॉकर हब' या सार्वजनिक भांडारातून उतरविता येते :

डॉकर पुल पायथन:३.१२-स्लिम

येथे 'पायथन' हे इमेजचे नाव असून विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनंतरचा भाग हा 'टॅग', म्हणजे आवृत्तीची चिठ्ठी आहे. टॅग दिला नाही तर 'लेटेस्ट' हा टॅग गृहीत धरला जातो. ही केवळ एक चिठ्ठी आहे. जूनमध्ये व डिसेंबरमध्ये तिच्याखाली निरनिराळ्या आवृत्त्या असू शकतात. सत्राच्या आरंभी तयार केलेले प्रात्यक्षिक सत्रान्ताच्या परीक्षेत तसेच चालावे असे वाटत असेल, तर आवृत्ती नेमकी लिहावी. 'स्लिम' ही अनावश्यक सामग्री वगळलेली आवृत्ती होय. पूर्ण इमेज संगणकावर सुमारे एक गिगाबाइट जागा व्यापते, तर स्लिम इमेजला त्याच्या एका लहान हिश्श्याइतकीच जागा पुरते.

संगणकावर कोणत्या इमेज आहेत हे पाहण्यासाठी पुढील आज्ञा आहे :

डॉकर इमेजेस

५.२ कंटेनर चालविणे

डॉकर रन -आयटी --आरएम पायथन:३.१२-स्लिम

'रन' ही आज्ञा इमेजवरून नवा कंटेनर निर्माण करून सुरू करते. इमेज संगणकावर नसेल तर ती आधी उतरविण्याचा प्रयत्न होतो. '-आयटी' या संकेतामुळे विद्यार्थ्याला कंटेनरशी कळफलकावरून संवाद साधता येतो. '--आरएम' मुळे काम संपताच तो कंटेनर आपोआप नष्ट होतो. वरील आज्ञेने पायथन भाषेची परस्परसंवादी खिडकी उघडते आणि मूळ संगणकावर पायथन बसविण्याची आवश्यकता राहत नाही.

सतत पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवेसाठी '-डी' हा संकेत वापरतात आणि '--नेम' ने कंटेनरला नाव देतात. नाव न दिल्यास डॉकर स्वतःच एखादे इंग्रजी जोडनाव ठेवतो. वीस संगणकांच्या प्रयोगशाळेत अशी नावे गोंधळ वाढवितात. म्हणून वर्ग व गट दर्शविणारे नाव देणे श्रेयस्कर.

५.३ पाहणी, थांबविणे व काढून टाकणे

डॉकर पीएस
डॉकर पीएस -ए
डॉकर लॉग्ज गट१
डॉकर एक्झेक -आयटी गट१ बॅश
डॉकर स्टॉप गट१
डॉकर स्टार्ट गट१
डॉकर आरएम गट१

पहिली आज्ञा केवळ चालू कंटेनर दाखविते. दुसरी थांबलेलेही दाखविते. 'लॉग्ज' ने कंटेनरने नोंदविलेले संदेश वाचता येतात. कंटेनर सुरू होताच बंद पडत असेल तर प्रथम हेच संदेश वाचावेत. 'एक्झेक' ने चालू कंटेनरच्या आत शिरून आज्ञा देता येतात. 'स्टॉप' ही आज्ञा आतील आज्ञावलीला आवरते घेण्याची सूचना देते आणि सामान्यतः दहा सेकंद वाट पाहून मग ती सक्तीने बंद करते.

'स्टॉप' आणि 'आरएम' यांतील फरक प्रयोगशाळेत फार महत्त्वाचा आहे. थांबलेल्या कंटेनरमध्ये लिहिलेली माहिती शाबूत असते. काढून टाकलेल्या कंटेनरबरोबर ती नाहीशी होते. अचानक वीज गेली तर कंटेनर थांबतो, पुसला जात नाही. वीज आल्यावर 'डॉकर पीएस -ए' ने तो शोधून 'डॉकर स्टार्ट' ने पुन्हा सुरू करता येतो. सेवा आपोआप पूर्ववत व्हावी असे वाटल्यास 'रन' बरोबर '--रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड' हा संकेत द्यावा. अर्थात वीज गेली त्या क्षणी अर्धवट लिहिली जात असलेली नोंद बिघडण्याची शक्यता कंटेनरमुळे टळत नाही.

५.४ विद्यार्थ्यांचे काम सुरक्षित ठेवणे

कंटेनर नष्ट होणारी वस्तू असल्यामुळे विद्यार्थ्याचे काम त्याच्या बाहेर, संगणकाच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये राहिले पाहिजे. त्यासाठी '-व्ही' हा संकेत आहे :

डॉकर रन --आरएम -व्ही /होम/लॅब/काम:/काम -डब्ल्यू /काम पायथन:३.१२-स्लिम पायथन बेरीज.पीवाय

दोन टिंबांच्या डावीकडे संगणकावरील फोल्डर व उजवीकडे तेच फोल्डर कंटेनरच्या आत ज्या नावाने दिसावे ते नाव लिहिले आहे. '-डब्ल्यू' ने काम कोणत्या फोल्डरमध्ये सुरू करावयाचे ते ठरते. 'बेरीज.पीवाय' ही फाइल बाहेर, विद्यार्थ्याच्या फोल्डरमध्ये आहे. ती चालविणारी भाषा कंटेनरमध्ये आहे. कंटेनर गेला तरी फाइल राहते. विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला हा नियम समजावून सांगितला, तर पुढील बहुतेक तक्रारी उद्भवत नाहीत.

५.५ जागेचे व्यवस्थापन

डॉकर सिस्टीम डीएफ
डॉकर आरएमआय पायथन:३.१२-स्लिम
डॉकर सिस्टीम प्रून

पहिली आज्ञा किती जागा व्यापली गेली ते सांगते, दुसरी एखादी इमेज काढते आणि तिसरी थांबलेले कंटेनर व निरुपयोगी अवशेष साफ करते. तिसऱ्या आज्ञेला '-ए' जोडल्यास कोणत्याही कंटेनरने न वापरलेल्या सर्व इमेज पुसल्या जातात. वेगवान जोडणी असलेल्या ठिकाणी त्या पुन्हा उतरविता येतात. जेथे जोडणीचाच भरवसा नाही तेथे ही आज्ञा देण्यापूर्वी इमेजची फाइलरूपातील प्रत हाताशी असल्याची खात्री करावी.

६. जोडणीविना प्रयोगशाळा : 'सेव्ह' आणि 'लोड'

कंटेनरविषयीच्या बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका इंटरनेट सदैव उपलब्ध आहे असे गृहीत धरतात. ग्रामीण महाविद्यालयासाठी हे गृहीतक योग्य नाही. एक साधा हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या इमेजसाठी ४०० मेगाबाइट उतरवावे लागतात आणि महाविद्यालयाची जोडणी प्रत्यक्षात ४ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने चालते. एका संगणकासाठी ३,२०० मेगाबिट, म्हणजे ८०० सेकंद अथवा सुमारे १३ मिनिटे लागतील. वीस संगणकांनी तीच इमेज स्वतंत्रपणे उतरविल्यास १६,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेचार तास लागतील. शिवाय नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबने खाते न उघडता इमेज उतरविण्यावर संख्येची मर्यादा घातली असून ती आयपी पत्त्यानुसार मोजली जाते. एकाच जोडणीमागील वीस संगणक त्या हिशेबात एकच धरले जातात.

यावर उपाय म्हणजे इमेज एकदाच, कल्याण वा ठाणे येथील चांगल्या जोडणीवर अथवा महाविद्यालयातच रात्रीच्या वेळी उतरवून तिची फाइल बनविणे :

डॉकर सेव्ह -ओ पायथन.टार पायथन:३.१२-स्लिम

'-ओ' नंतर फाइलचे नाव व त्यानंतर इमेजचे नाव टॅगसह लिहावे. ही फाइल पेन ड्राइव्हवर अथवा महाविद्यालयाच्या अंतर्गत जाळ्यावरून प्रत्येक संगणकावर न्यावी आणि तेथे पुढील आज्ञा द्यावी :

डॉकर लोड -आय पायथन.टार

यानंतर त्या संगणकावर 'डॉकर रन' चालविण्यासाठी इंटरनेटची मुळीच गरज भासत नाही. या पद्धतीत पुढील पाच बाबींकडे लक्ष द्यावे :

(१) 'सेव्ह' करताना इमेजचे नाव द्यावे, तिचा सांकेतिक क्रमांक देऊ नये. क्रमांक दिल्यास 'लोड' नंतर इमेज नावाविना येते.
(२) पेन ड्राइव्ह 'फॅट३२' स्वरूपात असल्यास त्यावर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही. अशा वेळी 'एक्सफॅट' स्वरूप वापरावे अथवा फाइल 'जीझिप' ने लहान करावी. 'डॉकर लोड' अशी फाइलही स्वीकारतो.
(३) मूळ व प्रत यांवर 'एसएचए२५६सम' ही आज्ञा चालवून दोन्हींची बेरीजखूण जुळते काय हे पाहावे. अर्धवट उतरलेली फाइल प्रात्यक्षिकाच्या तासाला उघडकीस येण्यापेक्षा आदल्या दिवशी उघडकीस आलेली बरी.
(४) इमेज प्रक्रियकाच्या प्रकारानुसार भिन्न असते. नव्या ॲपल संगणकावर वा एआरएम प्रक्रियकावर उतरविलेली इमेज प्रयोगशाळेतील इंटेल वा एएमडी संगणकावर सहसा चालत नाही. तसे असल्यास उतरवितानाच '--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४' असा संकेत द्यावा.
(५) 'सेव्ह–लोड' आणि 'एक्स्पोर्ट–इम्पोर्ट' या जोड्या एक नव्हेत. दुसरी जोडी कंटेनरमधील फाइली सपाट स्वरूपात बाहेर काढते. इमेजचे स्तर आणि तिच्यासोबतच्या सूचना त्यात टिकत नाहीत. प्रयोगशाळेसाठी पहिलीच जोडी वापरावी.

७. दोन उपयोजने

७.१ छापील मराठीचे संगणकीय वाचन

मराठी व इतिहास विभागांकडे जुनी वार्षिके, स्मरणिका आणि स्थानिक नियतकालिके असतात. त्यांच्या पानांचे छायाचित्र घेतले तरी त्यातील मजकूर शोधता येत नाही. 'टेसरॅक्ट' हे मुक्त सॉफ्टवेअर प्रतिमेतील अक्षरे ओळखून मजकुरात रूपांतर करते. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८० च्या दशकात त्याचा विकास सुरू झाला. २००५ मध्ये ते मुक्त करण्यात आले आणि पुढे अनेक वर्षे गूगलने त्याच्या विकासाला पाठबळ दिले. मराठीसाठी त्याची भाषा-सामग्री डेबियनमध्ये उपलब्ध आहे. त्याची इमेज स्वतः बनविण्यासाठी 'डॉकरफाइल' नावाच्या साध्या फाइलीत पुढील तीन ओळी लिहाव्यात. यांतील 'फ्रॉम', 'रन' व 'वर्कडिर' हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिण्याचा प्रघात आहे.

फ्रॉम डेबियन:१२
रन ॲप्ट-गेट अपडेट && ॲप्ट-गेट इन्स्टॉल -वाय टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार
वर्कडिर /काम

त्याच फोल्डरमध्ये पुढील आज्ञा द्यावी. शेवटचे टिंब 'हेच फोल्डर' या अर्थाचे असून ते गाळू नये :

डॉकर बिल्ड -टी मराठी-ओसीआर:१ .

त्यानंतर स्कॅन केलेल्या पानाचे वाचन असे होते :

डॉकर रन --आरएम -व्ही /होम/लॅब/काम:/काम मराठी-ओसीआर:१ टेसरॅक्ट पान.पीएनजी पान -एल मार

'पान.टीएक्सटी' ही मजकुराची फाइल त्याच फोल्डरमध्ये मिळते. स्पष्ट छपाईच्या पानावर निष्पत्ती समाधानकारक असते. खिळ्यांच्या जुन्या, पुसट छपाईत जोडाक्षरे व मात्रा चुकतात, म्हणून मुद्रितशोधन अनिवार्य आहे. हस्तलिखितासाठी हे साधन योग्य नाही. तथापि, डॉकरफाइलच्या तीन ओळी कागदाच्या एका चतकोरावर मावतात आणि त्यांवरून दुसऱ्या महाविद्यालयातील अध्यापकाला त्याच रचनेची इमेज उभी करता येते, ही बाब संशोधनातील पडताळणीच्या दृष्टीने मोलाची आहे. 'बिल्ड' करताना मात्र इंटरनेट लागते आणि त्या दिवशी उपलब्ध असलेल्या उप-आवृत्त्या त्यात येतात. तंतोतंत तीच इमेज हवी असल्यास तयार इमेजच 'सेव्ह' करून पाठवावी.

७.२ एका सक्षम संगणकावर अनेक विद्यार्थी

बहुतेक प्रयोगशाळांत एक-दोन नवे संगणक आणि उरलेले जुने, अशी स्थिती असते. अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांना 'आर' ही सांख्यिकी भाषा शिकवावयाची असेल तर 'रॉकर' या प्रकल्पाची इमेज नव्या संगणकावर चालवून जुन्या संगणकांवरून केवळ ब्राउझरच्या साहाय्याने ती वापरता येते :

डॉकर रन -डी --नेम आर-गट१ --मेमरी १जी -ई पासवर्ड=शब्द१ -पी ८८०१:८७८७ -व्ही /होम/लॅब/गट१:/होम/आरस्टुडिओ/काम रॉकर/आरस्टुडिओ:४.४.१

येथे 'पासवर्ड' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा व '१जी' मधील 'जी' लहान ठेवावा. '-पी' हा संकेत संगणकाचे ८८०१ क्रमांकाचे दार कंटेनरच्या आतील ८७८७ क्रमांकाच्या दाराला जोडतो. दुसऱ्या गटासाठी ८८०२, तिसऱ्यासाठी ८८०३ असे क्रमांक, निराळे नाव, निराळा परवलीचा शब्द आणि निराळे फोल्डर देत जावे. '--मेमरी १जी' मुळे कोणताही एक कंटेनर एक गिगाबाइटपेक्षा अधिक स्मृती व्यापू शकत नाही. चाळीतील पाण्याचे मीटर ते हेच. १६ गिगाबाइट स्मृतीच्या संगणकावर या रीतीने दहा गट बसविता येतात. विद्यार्थी आपल्या जुन्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये मुख्य संगणकाचा पत्ता व दाराचा क्रमांक लिहून 'आरस्टुडिओ' या वापरकर्ता-नावाने प्रवेश करतो. हा सर्व व्यवहार महाविद्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातच होतो. बाहेरील जोडणी त्या तासाला बंद असली तरी प्रात्यक्षिक अडत नाही.

८. मर्यादा व दक्षता

कंटेनर हा सर्व प्रश्नांवरील उतारा नव्हे. पहिली बाब सुरक्षिततेची. ज्याला डॉकर चालविण्याचा अधिकार आहे त्याला व्यवहारतः त्या संगणकावर सर्वाधिकार प्राप्त होतात, कारण तो '-व्ही' द्वारे कोणतेही फोल्डर कंटेनरमध्ये जोडू शकतो. म्हणून परीक्षा वा कार्यालयीन कामकाजाच्या संगणकावर विद्यार्थ्यांना हा अधिकार देऊ नये. जेथे विद्यार्थी स्वतः आज्ञा देणार आहेत तेथे सर्वाधिकारांविना चालू शकणाऱ्या पॉडमनचा विचार करावा. दुसरी बाब विश्वासार्हतेची. सार्वजनिक भांडारात कोणीही इमेज ठेवू शकतो. अधिकृत इमेज अथवा ज्यांची डॉकरफाइल पाहता येते अशाच इमेज वापराव्यात. तिसरी बाब अद्ययावततेची. आवृत्ती गोठविल्याने प्रात्यक्षिक स्थिर राहते, परंतु तिच्यातील सुरक्षादोषही तसेच राहतात. म्हणून प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या आरंभी इमेजचा संच नव्याने तयार करावा. चौथी बाब अशी की, केवळ विंडोजच्या खिडक्यांतून चालणारी लेखा व तत्सम सॉफ्टवेअर या पद्धतीने लिनक्सवर चालविता येत नाहीत.

९. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

(१) प्रयोगशाळेच्या दैनंदिन गरजांसाठी 'पुल', 'रन', 'पीएस', 'स्टॉप', 'आरएम', 'सेव्ह', 'लोड' आणि 'बिल्ड' या आठ आज्ञा पुरेशा आहेत. संगणकशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या अध्यापकालाही थोड्या सरावाने त्या आत्मसात करता येतील.
(२) मंद जोडणीच्या महाविद्यालयासाठी 'सेव्ह' व 'लोड' ही जोडी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे इंटरनेटची गरज वर्षातून एक-दोनदाच उरते.
(३) विद्यार्थ्यांचे काम नेहमी कंटेनरबाहेरील फोल्डरमध्ये ठेवणे हा अपवाद नसलेला नियम मानावा.
(४) मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य अशा विभागांनाही हे तंत्र उपयुक्त आहे. ते संगणक विभागापुरते मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

शहापूर व मुरबाड परिसरातील महाविद्यालयांनी सत्रारंभापूर्वी इमेजचा एक सामायिक संच तयार करून तो फाइलरूपाने, बेरीजखुणांच्या यादीसह परस्परांना द्यावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. एका महाविद्यालयाने उतरविलेली पायथनची इमेज दुसऱ्याला, आणि दुसऱ्याने बनविलेली मराठी वाचनाची इमेज तिसऱ्याला मिळाली, तर प्रत्येक ठिकाणी तेच श्रम पुन्हा करावे लागणार नाहीत. त्यासाठी नव्या इमारतीची अथवा मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. एक चांगला पेन ड्राइव्ह, एक नोंदवही आणि ही जबाबदारी स्वीकारणारा एक अध्यापक एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. अशा रीतीने वाचलेला प्रत्येक तास, ज्या विद्यार्थ्यांना तो इतरत्र भरून काढता येत नाही, त्यांच्या हाती थेट जमा होईल.